गोळ्या, काढे आणि आईची पिशवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६३. दहा वर्षांपासून मधुमेह, जोडीला रक्तदाब आणि थायरॉइड. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि थायरॉइडसाठी थायरॉक्सिन अशा चार गोळ्या चालू. गेल्या सहा महिन्यांत मावशींच्या सांगण्यावरून सकाळी कारलं-दुधीचा रस, गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल आणि केसांसाठी बायोटिन सुरू झालं. आता आई म्हणतात, "या इंग्लिश औषधांनी किडनी जाते. मी हळूहळू सगळ्या गोळ्या सोडणार आणि नैसर्गिकच घेणार." मुलगी विचारते, आईला अडवू की तिची साथ देऊ?

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करते. माझे आजोबा वैद्य होते. खलबत्त्याचा आवाज ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे झाडपाल्याचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडत नाही. आणि याच विषयात आळस केल्याने गेलेले पेशंटही मी पाहिले आहेत.

आधी आजच काय करायचं ते सांगते. चारपैकी एकही गोळी आईंनी मनाने बंद करू नये. गुळवेलीचा काढा आणि हळदीच्या कॅप्सूल आजपासून थांबवा, निदान यकृताची तपासणी होईपर्यंत. दुधी आणि कारल्याचा रस एकत्र करणं कायमचं बंद. बायोटिन तपासणीसाठी रक्त द्यायच्या आधी कमीत कमी तीन दिवस बंद ठेवा. कारणं सविस्तर देते, कारण ती कळल्याशिवाय आई ऐकणार नाहीत. नुसतं 'डॉक्टर म्हणाले' एवढ्यावर त्यांनी का ऐकावं?

किडनीपासून सुरू करू, कारण आईंच्या मनातली खरी भीती ती आहे. प्रत्येक गावात असा कोणीतरी असतो, ज्याने वीस वर्षं शुगरच्या गोळ्या खाल्ल्या आणि शेवटी डायलिसिसवर गेला. लोकांना त्याच्या गोळ्या दिसतात. वीस वर्षं त्याचं एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, दहा-अकराच्या घरात, म्हणजे फार वर होतं आणि रक्तदाब कोणी मोजतच नव्हतं, हे दिसत नाही. मधुमेहात किडनी खराब होते ती मुख्यतः वाढलेल्या साखरेने आणि वाढलेल्या रक्तदाबाने. टेल्मिसार्टन तर लघवीतून जाणारं प्रथिन कमी करतं, म्हणजे किडनी जपणाऱ्या गोळ्यांपैकी ती एक आहे. मेटफॉर्मिनच्या बाबतीत गैरसमज कुठून आला तेही सांगते. किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टमधला ईजीएफआर, ४५ च्या खाली गेला की आम्ही मेटफॉर्मिनचा डोस कमी करतो आणि ३० च्या खाली गेला की ती बंद करतो. ती शरीराबाहेर जायला किडनीच लागते, म्हणून. घरच्यांच्या कानावर एवढंच पडतं की 'किडनीमुळे गोळी बंद केली', आणि चार दिवसांत त्याचं 'त्या गोळीने किडनी गेली' होतं.

एक मात्र आईंना जरूर विचारा : गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून घेता का? मधुमेह, रक्तदाब आणि रोजची वेदनाशामक गोळी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की किडनीला खरंच धोका असतो. गंमत नाही, पण गोळ्यांना घाबरणारी माणसं हीच गोळी बिनधास्त घेतात, कारण ती चिठ्ठीशिवाय मिळते. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. आईंना त्यांच्या स्वतःच्या किडनीचे आकडे दाखवा. दुसऱ्या कोणाच्या डायलिसिसची गोष्ट मग मागे पडते.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येते. आई रोज जी मेटफॉर्मिन घेतात, तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. त्या झाडात साखर उतरवणारं द्रव्य होतं, पण ते विषारी निघालं. त्याच घराण्यातलं सुरक्षित द्रव्य शोधता शोधता मेटफॉर्मिन हाती लागलं आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ते मधुमेहासाठी वापरात आलं.

याहून जवळची गोष्ट सर्पगंधेची आहे. निद्रानाश आणि उन्मादासाठी आपल्याकडे ही मुळी पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएम रुग्णालयात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन, रक्तदाब नीट मोजून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं करण्यात आलं आणि पुढची कित्येक वर्षं ते रक्तदाबावरचं महत्त्वाचं औषध होतं. मग जास्त डोसमध्ये काही पेशंटना खोल नैराश्य येऊ लागलं, नाक चोंदू लागलं, सुस्ती वाढली. त्याहून बरी औषधं आली तसं ते मागे पडलं. विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगते. आपल्या मातीतल्या मुळीने रक्तदाब उतरतो हे खरं ठरलं, आणि तिचे दुष्परिणाम असतात हेही खरं ठरलं. दोन्ही कळलं ते मोजमाप केल्यामुळे. आजोबाही औषध देताना मात्रा, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं) आणि पथ्य या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय पुडी हातात देत नसत. 'नैसर्गिक आहे, कितीही घ्या' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. पहिल्या भेटीला येताना घरात जे जे घेतलं जातं, ते सगळं एका पिशवीत घालून आणायचं. परवाच आईंच्याच वयाच्या एका काकूंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. कात्रीने कापलेल्या चार स्ट्रिप, त्यातल्या दोनवर नावच उरलेलं नाही. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड. पाण्याच्या जुन्या बाटलीत हिरवा रस. नातवाने ऑनलाइन मागवलेली केसांच्या गोळ्यांची डबी. व्हिटॅमिन डीची सहा पाकिटं. काकू म्हणाल्या, "ही औषधं नाहीत हो, हे आपलं असंच." 'आपलं असंच' म्हणून घेतलेल्या गोष्टींची नोंद कोणाच्याच केसपेपरवर नसते, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. तुमच्या आईंची पिशवीही आपण तशीच एकेक वस्तू काढून बघू.

रस. कारल्याने साखर थोडी उतरते. कोणाची किती, हे सांगता येत नाही, कारण कारलं कोणतं, रस किती, उपाशीपोटी की जेवणाआधी, यावर सगळं अवलंबून आहे. आईंच्या बाबतीत अडचण ग्लिमेपिराइडची आहे. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही खाल्लं असो वा नसो. माझ्या एका पेशंटचं उदाहरण देते. निवृत्त शिक्षक, शिस्तीचे. पहाटे गोळी, त्यावर पेलाभर कारल्याचा रस आणि मग टेकडीवर चालायला. नाश्ता परत आल्यावर. तिसऱ्या आठवड्यात चढावर घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं. बरोबरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका. दवाखान्यात आणलं तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर ४८ वर उतरलेली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत सर डोळे उघडून म्हणाले, "मला इथे का आणलंय?" टेकडीवर एकटे असते तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. रस सोडवत नसेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आठवडाभर साखर मोजून वहीत लिहा. गरज पडली तर ग्लिमेपिराइडचा डोस डॉक्टर कमी करतील, तो त्यांनाच करू द्या. आणि कारल्याची भाजी खाल्ली तर फार उत्तम, त्यात चोथाही मिळतो.

दुधीचं प्रकरण वेगळं आहे आणि ते मी मुद्दाम लांबवून सांगते. दुधी, काकडी, दोडका या कुळात कधीकधी क्युकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते जिभेला अति कडू लागतं. म्हणून तर आपल्या आज्या दुधी चिरायच्या आधी बुडाची चकती चाखून बघत, आणि कडू निघाला तर गुरांनाही न घालता फेकून देत. रस काढणाऱ्यांनी ही चकती सोडून दिली. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला साधा होता : आधी चाखा, कडू लागला तर पिऊ नका, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. मिसळू नका का? कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो. आई नेमकं हेच मिश्रण घेत आहेत. या विषावर उतारा नाही. रस प्यायल्यावर उलट्या, पोटात मुरडा किंवा रक्ताची जुलाब सुरू झाली तर वाट न पाहता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

गुळवेल. करोनाच्या काळात घरोघरी कुंपणावरची वेल कापून काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांच्या नोंदी आल्या. त्यातल्या अनेकांना आधीपासून मधुमेह, थायरॉइड असे आजार होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आईंच्या दृष्टीने दोन्ही शक्यतांचा अर्थ एकच होतो. करोडो लोकांनी काढा घेतला आणि बहुतेकांना काही झालं नाही, हेही मी मानते. पण आईंना गुळवेल कोणत्या वैद्याने, कोणत्या तक्रारीवर, किती दिवसांसाठी दिली आहे? कोणीच नाही. मग सहा महिने रोज कशासाठी? 'प्रतिकारशक्ती' हे उत्तर पुरेसं नाही, त्यातून ज्या आजारात प्रतिकारशक्तीच स्वतःच्या थायरॉइडवर उलटलेली असते तिथे तर नाहीच. एसजीपीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या एकदा करून घ्या. भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच.

हळद. फोडणीतली हळद चालू राहू द्या, अगदी निर्धास्त. हळदपुडीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, साधारण तीन टक्के असतं आणि पोटातून ते फारच थोडं शोषलं जातं. कॅप्सूलमध्ये मात्र काढलेला अर्क असतो, आणि बऱ्याचदा मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात पायपरिनमुळे माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीस पटींनी वाढलं. जाहिरातीत हा आकडा अभिमानाने छापतात. मला तो वाचून काळजी वाटते, कारण आपल्या पूर्वजांनी पचवलेली हळद ही नव्हे, आणि पायपरिन इतर औषधांचं शोषणही बदलू शकतं. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत.

बायोटिन. रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळीत अनेकदा १० मिलिग्रॅम, म्हणजे निदान अडीचशे पट. शरीराला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण लॅबच्या यंत्राला होतो. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांत बायोटिनचाच वापर केलेला असतो, त्यामुळे रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त दिसू शकतात. डॉक्टरांना वाटतं थायरॉक्सिन जास्त होतंय, ते डोस कमी करतात, आणि केस आणखी गळतात. या फेऱ्यात अडकलेल्या दोन मुली मी पाहिल्या आहेत. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीतही अशी गफलत होऊ शकते. थायरॉक्सिन उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब.

घसा बसला म्हणून ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तेही विचारा. रोज आणि जास्त घेतलं की त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. दोन दिवस चघळलं तर काही बिघडत नाही.

या सगळ्या पिशवीत जे असायला हवं होतं तेच नाही : बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ चं शोषण कमी होतं. आई शाकाहारी असतील तर आधीच ते बेताचं असणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांमधली बी-१२ ची कमतरता अनेक वर्षांच्या कामातून समोर आणली आहे. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा हे सगळं 'शुगरमुळे' म्हणून सोडून दिलं जातं आणि कधीकधी ते बी-१२ ने सुधारतं. म्हणजे पूरक गोळ्यांना माझा विरोध नाही. गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड, पंडुरोगात लोह, बद्धकोष्ठाला इसबगोल, या गोष्टी मी स्वतः लिहून देते. मोजून कमतरता दिसली की पूरक गोळी हे औषधच असतं, आणि मग तिलाही डोस असतो. व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एक घ्यायचं असतं. ते रोज एक असं दोन महिने घेऊन, रक्तातलं कॅल्शियम वाढून, उलट्या आणि बधिरपणा घेऊन आलेले पेशंट मी दाखल केले आहेत.

मग कोणता उपाय घरी करून बघावा आणि कोणता नाही? मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : हा उपाय फसला तर मला कधी कळेल, आणि तोपर्यंत काय हातचं गेलेलं असेल? सर्दी-खोकल्याला मध-आलं घेतलं आणि फसलं, तर चार दिवसांत कळतं आणि काही जात नाही. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध नको.) रक्तदाबाची गोळी सोडून लसूण खाल्ला आणि फसलं, तर काहीच कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. कळतं ते अर्धांगाच्या दिवशी. मधुमेह, थायरॉइड, फिट्स, क्षयरोग, हृदयातल्या कृत्रिम झडपेसाठीची रक्त पातळ करणारी गोळी, ही सगळी याच रांगेतली. ज्या मुलांना टाइप-१ मधुमेह आहे त्यांचं इन्सुलिन तर एक दिवसही थांबवायचं नाही. तिथे जीव जायला काही दिवस पुरतात.

काविळीचं उदाहरण आमच्या भागात रोजचं आहे. काविळीचं औषध देणारी घरं आहेत, गळ्यात घालायची माळ देतात. माळ लांबत गेली की कावीळ उतरली म्हणायचं. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते, त्यामुळे माळेचा लौकिक टिकून राहतो. तीन वर्षांपूर्वी एक शेतकरी अशी माळ घालून महिन्याने माझ्याकडे आले. अंगाला सतत खाज, शौचाचा रंग पांढुरका, पोट अजिबात दुखत नव्हतं. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली, पुढे सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. तो महिना आधी मिळाला असता तर नक्की वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण तो महिना त्यांच्या हक्काचा होता. माझं सांगणं एवढंच असतं की माळ घाला, आधी रक्त आणि सोनोग्राफी करा.

आयुर्वेदाचे शिकलेले वैद्य नाडी, पचन, वय बघून औषध देतात, आणि मी स्वतः काही पेशंट त्यांच्याकडे पाठवते. त्यांना आईंच्या चारही गोळ्यांची नावं सांगा, आणि त्यांची औषधं तुमच्या डॉक्टरांना. माझा राग आहे तो नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांवर. सांधेदुखीची पुडी आठवडी बाजारातून आणून वर्षभर खाल्लेल्या एक शेतमजूर ताई माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा गोल सुजलेला, दंड काडीसारखे, साखर चारशेच्या वर. पुडीत स्टेरॉइड असणार याची ही खूण. घरच्यांनी घाबरून पुडी एकदम बंद केली आणि दोन दिवसांत त्यांचा रक्तदाब कोसळला, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलं होतं. तेव्हा अशी पुडी सापडली तर फेकू नका, ती घेऊन दवाखान्यात या. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. ज्या पाकिटावर किंवा व्हिडिओत असा दावा दिसेल ते बाजूला ठेवायला तेवढं कारण पुरे.

आणि आमच्या बाजूची चूकही कबूल करते. पेशंटने 'काढा घेते' म्हटल्यावर मी तरुणपणी फटकारायचे. परिणाम असा झाला की ते काढा घेत राहिले आणि मला सांगायचं थांबले. पाच मिनिटांत पाच गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरपेक्षा तासभर ऐकून घेणारी मावशी जवळची वाटते, यात आईंचा काय दोष?

म्हणून आईंशी बोलताना 'तुझं ते रस-काढे बंद कर' अशी सुरुवात करू नका. म्हणा, "आई, तुला गोळ्या कमी करायच्या आहेत ना? चल, आपण डॉक्टरांनाच विचारू, कोणती कमी होऊ शकते." ही मागणी रास्त आहे. वजन उतरलं, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं झालं, रोज चालणं सुरू राहिलं, तर ग्लिमेपिराइड कमी होणं, कधी बंद होणंही शक्य असतं. सगळी पिशवी घेऊन जा, रसाची बाटलीसुद्धा. एचबीएवनसी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, एसजीपीटी, बिलिरुबिन, टीएसएच आणि बी-१२ या तपासण्या करा, पण बायोटिन थांबवून तीन दिवस झाल्यावर. घरी रक्तदाब आठवड्यातून दोनदा मोजून त्याच वहीत लिहा. एचबीएवनसी मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब सांगतं, तेव्हा पुढची तपासणी तीन महिन्यांनी. ती वही आईंच्या हातात राहू द्या, आकडे त्यांनाच लिहू द्या. आणि रविवारी मावशी आल्या की त्यांनाही वही दाखवा. त्यांचीही शुगर असेल, तर त्यांचीही एक पिशवी असणार.